रावण हवापालटाला जातो

मागच्या मार्चमध्ये आमच्या घरातल्या चौघांनी बोर्डीला दोन रात्रींची सहल केली. मी, आई, बाबा आणि रावण. त्यातल्या तिघांना सहलीचा त्रास झाला आणि चौथ्याचं एक डोकं गेलं. तरीही सहल उत्तम झाली, असं आमच्या घरात आता सर्वानुमते मानलं जातं. हे मत बनायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांचा हा खुलासा. खुलासे लिहायची मला सवय आहे; मी सरकारी नोकर आहे.

कल्पना आईची. आमचा पाडा मोखाड्यापासून चार किलोमीटरवर, आणि पाड्याचा बोहाडा फाल्गुनात. बोहाड्यात देवांची आणि राक्षसांची सोंगं मुखवटे चढवून संबळाच्या तालावर नाचत निघतात, आणि एकेक सोंग एकेका घराकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. आमच्या घराकडे रावण आहे. सोंग मोठं, म्हणून पाहुणेही मोठ्या संख्येने. सूर्यमाळचे नातेवाईक येतात, साखरशेतचे येतात, बाबांचे जुने विद्यार्थी येतात, त्या विद्यार्थ्यांचे साडू येतात. आई अंगणवाडी सेविका आहे. वर्षभर ती तीस पोरं सांभाळते आणि बोहाड्याच्या आठवड्यात तीस माणसं. पोरं बरी, असं तिचं म्हणणं. यंदा नाचणीची भाकरी थापता थापता, आवाज न चढवता, तिने जाहीर केलं, "चौतीस वर्षं पाहुणे केले. या साली आधी मी पाहुणी होणार. मग ज्याला यायचंय त्याने यावं."

"कोणाकडे?" बाबांनी विचारलं.

"जिथे आपल्या ओळखीचं कोणी नाही तिथे."

ही अट दिसते तेवढी सोपी नव्हती. बाबा, म्हणजे मंगळू गुरुजी, चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांवर होते. जव्हार, विक्रमगड, वाडा, जिथे जाल तिथे कोणीतरी टपरीतून धावत येतं, पाया पडतं आणि घरी जेवायला नेतं. नकाशावर बोट सरकवत सरकवत ओळखीचं कोणी नसलेलं ठिकाण शोधलं, तेव्हा जमीन संपली. अशा रीतीने आम्ही समुद्रावर जायचं ठरलं.

मला फक्त एका सोमवारची रजा हवी होती. पण मार्च महिन्यात आमच्या कार्यालयात रजा मागणं म्हणजे भर मांडवात नवरदेवाला त्याचा फेटा उसना मागणं. अर्जात मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'आईस पाहुणी व्हायचे असल्याने.' अर्ज परत आला. शेरा होता, 'कोणाकडे?' मी लिहिलं, 'अनोळखी व्यक्तीकडे.' अर्ज पुन्हा परत आला. शेरा नव्हता, साहेबांनी नुसतं प्रश्नचिन्ह काढलं होतं, जरा जोरात, कागद फाटलेला. तिसऱ्यांदा मी 'कौटुंबिक कारण' लिहिलं आणि रजा मंजूर झाली. खरं लिहिलं की चौकशी लागते, हे मला तेव्हा चौथ्यांदा कळलं.

आता रावणाचं. गेल्या वर्षी ऐन नाचात रावणाचं उजवीकडून तिसरं डोकं निखळलं आणि गडगडत जाऊन पहिल्या रांगेत बसलेल्या एका पाहुण्याच्या मांडीवर थांबलं. पाहुणा भला होता, त्याने ते शेवटपर्यंत धरून ठेवलं. पण सावळाकाका गप्प बसणाऱ्यातले नव्हते. सावळाकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. आमच्या त्यांच्या घराची भिंत एक, बाकी काहीच एक नाही. त्यांच्या घराकडे कुंभकर्ण. आमच्या बोहाड्यात कुंभकर्णाचं काम म्हणजे नाक्यावर आडवं होऊन राहायचं. पाचव्यांदा संबळ वाजला की उठायचं, दोन पावलं टाकायची, मरायचं. पहिल्या चार संबळांत लोक चहाला जातात ते पाचवा झाला तरी परत येत नाहीत. काका बत्तीस वर्षं असे कोणी न पाहता झोपून राहिले होते आणि त्यांची नजर आमच्या रावणावर होती.

त्यांनी पंचांपुढे विषय काढला. सोंगांचा निवाडा सोम्याबाबा करतात. वय कोणालाच माहीत नाही, त्यांनाही नाही. ते म्हणाले, "पुढल्या साली दहा डोकी निंगाली आन दहा परत आली, त रावण मंगळूचा. एक कमी झाला, त सावळ्याचा."

त्या दिवसापासून बाबांनी वर्षभर दुसरं काही केलं नाही. कागदाचा लगदा, मेथीचं पीठ, डिंक. नवी दहा तोंडं बनवली, बांबूच्या सांगाड्यावर बसवली. रंग व्हायचा होता, वार्निश तर पुढेच. पण उत्साहाच्या भरात बाबांनी डोळे आधी रंगवले. वीस डोळे, तेही एका बैठकीत.

समोरच्या धोंडीआत्याने ते पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "डोळं उघडलंस? आता त्याला घरात एकला नको ठेवू गुरजी. उघड्या डोळ्याचा सोंग एकला राहला त माणसं हुडकाया निंगतो."

"आत्या, ही अंधश्रद्धा आहे," बाबा म्हणाले. त्यांनी शाळेत या विषयावर भाषणं केलेली आहेत. भाषण आठवून ते पाच मिनिटं शांत होते. मग मला हळूच म्हणाले, "पण एकटा नको ठेवायला."

एवढ्यात भिंतीपलीकडून सावळाकाका आले. "ठेव की माझ्याकडं, दादा. दोन दिसाची त बात. मी सांभाळतो." हे वाक्य ते इतक्या मायेने बोलले की बाबांनी त्याच क्षणी रावणाला बरोबर न्यायचं नक्की केलं.

धोंडीआत्याने संमती दिली. "लंकेचाच हाय ना तो? दर्याकाठचा. माहेराला जाऊन येल."

"आत्या, पुरुषांना माहेर नसतं," मी म्हणालो.

"म्हणून त चिडका झाला," आत्या म्हणाली.

रावणाची रुंदी पाच फूट दोन इंच. माझी उंची पाच फूट तीन. हा एक इंच मी त्या प्रवासात पुष्कळ जपला. मोखाड्याहून जव्हारला करणच्या जीपने गेलो. जीपमध्ये सतरा माणसं बसली आणि रावणाला टपावर बांधलं, तोंडं पुढे. समोरून येणाऱ्या गाड्या त्या दिवशी फार शिस्तीत बाजूला होत होत्या. करण म्हणाला, "गुरुजी, हा रोज टपावर द्या. मी हॉर्न काढून टाकतो."

जव्हारला एसटीत खरी अडचण आली. कंडक्टर बाई तरुण होत्या, नाव छातीवर लिहिलेलं, योगिता, आणि नियमाच्या पक्क्या. शेवटच्या सीटवर चादरीत गुंडाळलेल्या रावणाकडे पाहून त्यांनी विचारलं, "हे काय?"

"सोंग आहे," मी म्हणालो.

"सामान ना?"

"सामान नाही," बाबा ताडकन म्हणाले. चौतीस वर्षं मुख्याध्यापकांशी भांडलेला आवाज.

"सामान नाही, तर प्रवासी?"

बाबांनी चादर सारखी केली. अख्खी एसटी मागे वळून बसली.

"प्रवासी असेल तर तिकीट लागेल," योगिताबाई म्हणाल्या. "वय?"

बाबांनी खूप विचार करून 'त्रेतायुग' असं उत्तर दिलं.

"पंचाहत्तरच्या वर असेल तर फुकट आहे. आधार कार्ड दाखवा."

मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, दहा तोंडं आहेत, अंगठा तरी एकाचाच घ्या." आईचं महिलांचं अर्धं तिकीट, बाबांचं ज्येष्ठांचं अर्धं आणि माझं पूर्ण, असं फाडून झाल्यावर योगिताबाईंनी रावणाचं लगेजचं तिकीट फाडलं. बाबांना ते इतकं लागलं की डहाणू येईपर्यंत त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं नाही. तिकीट मात्र त्यांनी जपून रावणाच्या कानामागे खोचलं.

डहाणूहून चिकूच्या टेम्पोत बसून आम्ही बोर्डीला पोचलो. दिपेश नावाच्या गृहस्थांच्या घरच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या होत्या. दिपेशभाऊ शांत माणूस. त्यांचं एकाच गोष्टीवर प्रेम होतं, ती म्हणजे त्यांची पाहुण्यांची नोंदवही. लाल कापडी पुठ्ठा, आठ रकाने.

"फोनवर तीन माणसं सांगितली होती," ते म्हणाले.

"तीनच आहोत."

त्यांनी बाबांच्या हातातल्या चादरीकडे पाहिलं. एक कोपरा सरकला होता आणि चार डोळे त्यांच्याकडे पाहत होते. दिपेशभाऊंनी पापणीसुद्धा हलवली नाही. पेनाचं टोपण काढलं. "नाव?"

"रावण," बाबा म्हणाले.

"व्यवसाय? राजा लिहू? निवृत्त?"

"निवृत्त मी. तो अजून आहे."

"येण्याचं कारण?"

"हवापालट," आई म्हणाली आणि पुढे होऊन खुर्चीवर बसली.

त्या खुर्चीवरून ती दोन दिवस फारशी हलली नाही. आईने पाहुणेपण हे काम म्हणून घेतलं होतं. चहा आला तेव्हा तिने एक घोट घेतला आणि दिपेशभाऊंच्या बायकोला ऐकू जाईल इतपत आवाजात म्हणाली, "साखर जरा कमीच आहे."

"आई!" मी म्हणालो.

"पाहुण्याने थोडी नावं ठेवायची असतात," ती शांतपणे म्हणाली. "मी चौतीस वर्षं ऐकलीयेत. आज माझी पाळी."

चहानंतर आम्ही समुद्र पाहायला निघालो. सुरूची झाडं ओलांडली. समोर वाळू, वाळूपलीकडे ओला चिखल, चिखलापलीकडे आणखी चिखल. समुद्र नव्हता.

तिथल्या नारळपाणीवाल्याला विचारलं. "ओहोटी आहे," तो म्हणाला. "गेलाय आत. येईल संध्याकाळी."

आई-बाबा गोंधळले, पण मला एकदम घरच्यासारखं वाटलं. 'साहेब फिल्डवर गेलेत, चारनंतर या,' हे वाक्य मी स्वतः रोज दहा लोकांना सांगतो. आम्ही तिघंही मुकाट्याने परत फिरलो. संध्याकाळी साहेब खरोखरच जागेवर होते, हाच काय तो फरक.

आता आमची चूक. ती चूक किनाऱ्यावरच्या लहान पोरानेही केली नसती, पण आमच्याकडच्या कुठल्याही शहाण्या माणसाने हमखास केली असती. आमच्या डोंगरावर मार्चमध्ये हवा म्हणजे वाळवण. ओला टॉवेल अंगणातून दारापर्यंत आणेस्तोवर त्याचा पापड होतो. लगदा पक्का व्हायला हवा तर तो रात्रभर वाऱ्यावर ठेवावा, हे बाबांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं. बोर्डीला तर वारा भरपूर. बाबांनी रावणाला वरच्या गॅलरीत, समुद्राकडे तोंडं करून ठेवलं आणि समाधानाने म्हणाले, "सकाळी बघ, दगड होईल."

सकाळी आईने हाक मारली तेव्हा तिच्या आवाजात पाहुणेपण नव्हतं.

मधलं मोठं तोंड तेवढं ताठ होतं. बाकीची नऊ, शाळा तपासणीच्या दिवशी शिक्षक उभे राहतात तशी, मान खाली घालून उभी होती. डावीकडच्या दुसऱ्याचं नाक हनुवटीपर्यंत आलं होतं. एकाचा कान दुसऱ्याच्या गालाला चिकटला होता, गुपित सांगत असल्यासारखा. बाबांनी बोट लावलं, ते बोट आत गेलं.

"ओला झालाय," बाबा म्हणाले.  मग ते गॅलरीच्या पायरीवर बसले. रावण निघायला आठ दिवस होते.

अशा वेळी आपल्या देशात सल्ल्याची टंचाई नसते. शेजारच्या खोलीत वसईहून आलेलं एक जोडपं होतं. त्यांनी केस वाळवायचं यंत्र दिलं. ते मी पाच मिनिटं चालवलं तेव्हा सहाव्या तोंडाच्या भुवया उडून गेल्या. चिकूच्या वाडीतले एक काका म्हणाले, बेकरीच्या भट्टीत ठेवा. दिपेशभाऊंचा पुतण्या म्हणाला, "मोबाईल भिजला की तांदळात ठेवतात, तसा ठेवा." मी हिशेब केला, तर रावण बुडायला पाच पोती लागत होती. वसईच्या गृहस्थांनी विमा आहे का विचारलं. हा प्रश्न त्यांनी गंभीरपणे विचारला होता, म्हणून मीही गंभीरपणे 'नाही' म्हणालो.

शेवटी आईच उठली. खाली अंगणात एक म्हातारी मासे घेऊन आली होती. गंगीमावशी. पायात चपला नाहीत, डोक्यावर पाटी, आणि आवाज असा की बोलली तर होडी वळावी. आईने तिला वर आणलं. मावशीने रावणाभोवती एक फेरी मारली, एका तोंडाचा गाल चिमटीत धरला, सोडला.

"रातचा बाहेर ठेवला?"

"हो," बाबा म्हणाले.

"दर्याची हवा रातची पाणी पाजते नि दिवसाची सुकवते. शाळेत काय शिकवता रे?" बाबा चाळीस वर्षांनी पुन्हा विद्यार्थी झाले. "चल आन त्याला. माझ्या बोंबलांच्या वलांडीवर टांगू."

वलांडी म्हणजे बोंबील वाळत घालायची बांबूची मांडणी, माणसाच्या उंचीची. बोंबलांच्या जबड्यात जबडे अडकवून जोड्या टांगलेल्या, रांगाच्या रांगा. त्या रांगांच्या मधोमध, खाली फडकी आणि बाजूंनी दोऱ्या देऊन, लंकेचा राजा टांगला. नाक, कान, गाल मावशीने ओल्या हाताने जागेवर बसवले, पोळ्या करतात तसे. ऊन चढलं, वारा फिरला, आणि दोन तासांत माना वर यायला लागल्या. बाबा दर दहा मिनिटांनी उठून टिचकी मारून यायचे. आई आणि मावशी सावलीत बसून एकमेकींना आपापल्या पाहुण्यांच्या तक्रारी सांगत होत्या. मावशीकडे उन्हाळ्यात मुंबईहून पंचवीस जण उतरतात. आईचे तीस. आई जिंकल्यावर तिने मावशीला स्वतःहून चहा करून दिला, आणि साखर बरोबर पडली.

दुपारी तीनला मी जरा डोळे मिटले. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक दुर्घटना मी डोळे मिटल्यावर घडल्या आहेत.

बोंबलाचं पाणी दिवसभर डाव्या टोकाच्या तोंडावर ठिबकत होतं. आत मेथीचं पीठ, डिंक होतंच. एका भुऱ्या कुत्र्याच्या दृष्टीने तो रावण नव्हता, तो पदार्थ होता. मी डोळे उघडले तेव्हा कुत्रा ते डोकं केसांनी धरून किनाऱ्याकडे निघाला होता. मी धावलो. ओल्या वाळूवर पुढे कुत्रा, त्याच्या तोंडात लालबुंद डोळे वटारलेलं डोकं, मागे मी, माझ्यामागे बाबा 'सोड! सोड!' करत, आणि दोन्ही बाजूंना मोबाईल धरलेले पर्यटक. एका मुलीने मला विचारलं, "शूटिंग आहे का?" मी 'हो' म्हणालो. थांबून खुलासा करायला वेळ नव्हता.

कुत्र्याने शेवटी कंटाळून डोकं पाण्यात टाकलं. समुद्र नेमका तेव्हा जागेवर होता. डोकं एकदा वर आलं, आमच्याकडे पाहिलं, आणि लाटेत विरघळून गेलं. लगदा तो. हातात आली ती फक्त एक मिशी.

बाबा गुडघाभर पाण्यात उभे होते. "नऊ झाली," ते म्हणाले. मी त्यांना खूप वेळा रागावलेलं पाहिलंय, पण असं हळू बोलताना नाही. "माझ्या बापाने चाळीस वर्षं नाचवला. माझ्यावर येऊन संपला, नीलेश."

मला विनोद सुचला नाही. हे इथे मुद्दाम नोंदवतो, कारण तसं क्वचित होतं.

नवं डोकं करायचं तर लगदा वाळायला आमच्या डोंगरावरही पंधरा दिवस हवेत. आम्ही परत आलो तेव्हा गंगीमावशीने हातातली मिशी पाहिली. झोपडीमागे गेली आणि एक बोया घेऊन आली. जाळं पाण्यावर तरंगतं ठेवायला बांधतात तो गोळा. नारिंगी, प्लास्टिकचा, बरोबर डोक्याएवढा. "हा घे."

बाबांच्या चेहऱ्यावर प्लास्टिकबंदीची चौतीस भाषणं येऊन गेली. "मावशी, प्लास्टिकचं डोकं? देवाच्या कामाला?"

"रावण देव कधीपासून झाला?" मावशी म्हणाली. "नि वीस वरसं दर्यात हाय हा. एकदा बुडला नाय. तुझी नऊ एका रातीत बसली."

बाबांनी बोया हातात घेतला. कागद हवा होता. आरडाओरडा ऐकून आलेले दिपेशभाऊ घरी गेले आणि एक जुनी, भरलेली नोंदवही घेऊन आले. पहिलं पान त्यांनी आधी पूर्ण वाचलं, मग फाडलं. खळीत भिजवून सात थर दिले, वर नाक बसवलं, भुवया बसवल्या. हाताशी असलेली मूळची मिशी लावली. बाबा पिशवीतून रंग काढायला गेले तर मावशीने त्यांना होडीचा रंग दिला, निळा. "पाणी लागत नाय याला." म्हणून दहावं तोंड निळं झालं, आणि एकटंच निळं वाईट दिसेल म्हणून मग दहाही निळी झाली. सगळ्यात शेवटी मावशीने जाळ्याचा दोरा घेतला आणि दहाही डोकी आतून एकमेकांना आणि सांगाड्याला जाळ्याच्या गाठींनी बांधली. "आता हा पडला त दहा मिळून पडल," ती म्हणाली.

सोमवारी निघताना आईने तिला बोहाड्याचं बोलावणं दिलं. "पाहुणी म्हणून ये," आई म्हणाली. "नावं ठेवायची असतील ती ठेव."

परतीच्या एसटीत कोणी आमच्या शेजारी बसलं नाही. रावण खडखडीत वाळला होता, पण बोंबलाचा वास त्याच्या हाडांत गेला होता. धोंडीआत्याने दारातच विचारलं, "काय खाऊन आला ह्यो?"

सावळाकाकांनी रावण निघायच्या आदल्या दिवशी पंचांना बोलावलं. मोजणी झाली. दहा. मग काकांनी एकेका डोक्यावर टिचकी मारली. नऊ डोकी 'टप' वाजली. दहावं 'टण्' वाजलं.

"आतून दुसराच माल हाय," काका म्हणाले. "प्लास्टिक हाय. नि ह्याला मच्छीचा वास येतो."

सोम्याबाबांनी स्वतः टिचकी मारली. आवडली असावी; परत मारली. "दहा ठरली होती," ते म्हणाले. "आवाज ठरला नव्हता. वासाचं त नावच नव्हतं. उद्या निंगू दे. पडला त सावळ्याचा."

आमच्याकडे रावण शेवटच्या दिवशी सकाळी निघतो. सोंग घेणाऱ्यांना आदल्या दिवसापासून उपास असतो. देवळापासून बाबांनी नाच सुरू केला तेव्हा लोक मागे सरकले, आधी वासाने, मग कौतुकाने. निळा रावण कोणी पाहिला नव्हता. गंगीमावशी आदल्या दिवशीच येऊन आमच्या ओसरीवर खुर्ची टाकून बसली होती आणि आईने केलेल्या आमटीत मीठ कमी असल्याचं तिचं पाड्याला सांगून झालं होतं. आई हसत होती. मी बाबांच्या मागे चालत होतो, प्रत्येक उडीला दहापर्यंत मोजत.

नाक्यावर कुंभकर्ण आडवा होता. पहिला संबळ वाजला. लोक नेहमीप्रमाणे चहाकडे वळायला लागले. बाबा नाचत नाचत भावाच्या डोक्याशी आले आणि त्याच्यावर वाकले. दहाही तोंडं खाली झुकली.

मुखवट्याआड काका काल दुपारपासून उपाशी होते.

कुंभकर्णाचं नाक आधी हललं. मग हात हलला. दुसरा संबळ वाजायच्या आत तो ताडकन उठून बसला आणि मोठ्याने, अगदी मनापासून म्हणाला, "बोंबील!"

पाडा असा ओरडला की झाडावरचे कावळे उडाले. खाण्याच्या वासाने उठलेला कुंभकर्ण! पोथीत तसंच आहे, आणि आमच्या पाड्यात बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तसं झालं होतं. चहाला गेलेले कप घेऊन पळत आले. 'परत! परत!' लोक ओरडायला लागले. काका उठायच्या घाईत बाबांवर धडकले, दोघंही भेलकांडले, रावण कंबरेपासून हलला, मी डोळे मिटले, मग आठवण होऊन पटकन उघडले. दहा. दहाही जागेवर, डुलत, एका गाठीत बांधलेली.

कुंभकर्णाला त्या दिवशी तीनदा झोपावं लागलं आणि तीनदा उठावं लागलं. मरायचं काम त्याने तिसऱ्यांदा उठल्यावर केलं, तेही लोकांनी परवानगी दिल्यावर.

उन्हं वर आल्यावर देवळाच्या ओट्यावर दोघे भाऊ मुखवटे काढून बसले होते, घामाने निथळत, शेजारी शेजारी. सोम्याबाबांनी येऊन दहा डोकी बोटाने मोजली आणि मान डोलावून पुढे गेले. काकांनी ते पाहिलं. कुंभकर्णाचा मुखवटा त्यांनी जवळ ओढून घेतला. आईने दोघांपुढे भाकरी ठेवली. 

मग काका खालमानेने म्हणाले, "दादा, मी लवकर उठलो का रं? पुढल्या साली जरा उशिरा उठू?"

बाबांनी पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला.

"तू तुला वाटेल तेव्हा ऊठ," ते म्हणाले. "मी वाकून थांबतो."